स्कोअरकार्डवर शब्द लिहायचा: ट्रेझर हंटमध्ये लेझर टॅग कसा बसवावा, कसा खेळावा

ट्रेझर हंटमध्ये लेझर टॅग, म्हणजे प्रकाशाची गन झाडून एकमेकांच्या अंगातल्या व्हेस्टवर हिट नोंदवायचा खेळ, घालायचं ठरलं की बहुतेक आयोजक एकच करतात. दोन संघ मैदानात सोडायचे आणि जो जास्त मारेल त्याला पुढची चिठ्ठी द्यायची. यात कोडं कुठेच नाही. चपळ पोरांचा संघ पुढे निघून जातो आणि सकाळपासून नाशिकच्या पंचवटीत उन्हातान्हात डोकं चालवलेले लोक मागे राहतात.

त्यापेक्षा गन पेनासारखी वापरावी. आधीच्या कोड्यातून संघाला एक शब्द मिळालेला असतो. संघानं आपसात खेळून, नेमके तेवढेच हिट करून, तो शब्द स्कोअरकार्डवर उमटवायचा. एक हिट कमी पडला तर भरून काढता येतो, एक जास्त झाला की डाव पहिल्यापासून. इथे नेमबाजीपेक्षा हिशेब आणि शिस्त लागते, आणि आजी-नातवाचा संघही कॉलेजच्या संघाला भारी पडू शकतो.

आधी गन काय करते ते समजून घ्या

नाव लेझर असलं तरी हिट नोंदवण्याचं काम बहुतेक संचांत इन्फ्रारेड एलईडी करतो, टीव्हीच्या रिमोटसारखा. दिसणारा लाल ठिपका असला तर तो फक्त नेम दाखवायला. ट्रिगर दाबला की गन प्रकाशाच्या झटक्यांतून एक छोटा संदेश पाठवते: मी अमुक क्रमांकाचा खेळाडू, तमुक संघाचा. हौशी मंडळी वापरतात त्या माइल्सटॅग पद्धतीत हा संदेश १४ बिटांचा असतो. त्यात सुरुवातीचा १ बिट संदेशाच्या प्रकारासाठी, मग खेळाडूसाठी ७ बिट, संघासाठी २ आणि किती नुकसान झालं यासाठी ४. संपूर्ण संदेश २० ते २८ मिलिसेकंदांत जातो. व्हेस्टवरचे सेन्सर तो वाचतात, आणि कोणी कोणाला मारलं हे त्यामुळेच कळतं.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही आपल्या कोड्याला नडतात. किरण सुतासारखा जात नाही, पुढे पसरत जातो, म्हणून लांबून मारलं तर शेजारी उभा असलेलाही हिट होतो. काच, चकचकीत फरशी आणि पांढरी भिंत यांवरून तो परततो, म्हणून भिंतीवर झाडलेली गोळी मागच्याला लागू शकते. दोघांनी एकाच क्षणी एकाला मारलं तर दोन संदेश एकमेकांत मिसळतात आणि एकही नोंदला जात नाही. ‘मी मारलं होतं, मशीन खराब आहे’ ही तक्रार बऱ्याचदा याच कारणाची असते.

अक्षरांचा तक्ता

शब्द आकड्यांत मांडायला आपली वर्णमाला सोयीची आहे, कारण ती आधीच ओळींत लावलेली आहे. पाच-पाच अक्षरांच्या सात ओळी करा, शेवटच्या ओळीत चारच:

पहिली ओळ: क ख ग घ ङ
दुसरी: च छ ज झ ञ
तिसरी: ट ठ ड ढ ण
चौथी: त थ द ध न
पाचवी: प फ ब भ म
सहावी: य र ल व श
सातवी: ष स ह ळ

काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं सोडून द्यायचं. प्रत्येक अक्षराला दोन आकडे मिळतात, ओळ आणि ओळीतली जागा. शब्दातलं पहिलं अक्षर १ नंबरच्या खेळाडूचं, दुसरं २ नंबरच्याचं, असं पुढे. खेळाडूनं दिलेले हिट म्हणजे ओळ, खाल्लेले हिट म्हणजे जागा.

हे संघाला सरळ सांगायचं नाही. तक्ता द्यावा आणि खाली दोनच ओळी: ‘कुठल्या ओळीत बसतोस? कितव्या बाकावर? आधी दिलं ते सांग, मग खाल्लं ते.’ वर्ग, ओळ, बाक या शब्दांवरून शाळेत गेलेल्या कोणालाही पाच-सात मिनिटांत उमगतं. दहा मिनिटांतही उमगलं नाही तर पहिली हिंट म्हणून ‘मार खाणं’ हे शब्द कागदावर लिहून द्यावेत.

तक्ता छापूनच द्या. ‘वर्णमाला वापरा’ एवढंच सांगितलं तर ळ कुठे, क्ष-ज्ञ धरायचे का, यावरून दोन संघांचे दोन तक्ते होतात. स्वरानं सुरू होणारे शब्द या तक्त्यात बसत नाहीत, त्यामुळे अंजनेरी बाद. जोडाक्षरांचे शब्दही टाळावेत. त्र्यंबक घेतलात तर त, र आणि य वेगळे धरायचे की एक, यावर भांडण ठरलेलं.

एक डाव पूर्ण सोडवून

समजा शब्द आहे रामशेज. आधीचं कोडं असं ठेवता येईल: ‘पंचवटीत देव जागा, आशेवाडीच्या डोक्यावर त्याचं अंथरूण.’ शेज म्हणजे अंथरूण, आणि आशेवाडीच्या वर उभा असलेला किल्ला नाशिककरांना नवा नाही.

आता र म श ज. र सहाव्या ओळीत दुसरा, म पाचवीत पाचवा, श सहावीत पाचवा, ज दुसरीत तिसरा. म्हणजे पहिल्या खेळाडूनं ६ द्यायचे आणि २ खायचे. दुसऱ्यानं ५ द्यायचे, ५ खायचे. तिसऱ्यानं ६ द्यायचे, ५ खायचे. चौथ्यानं २ द्यायचे, ३ खायचे.

इथेच कोडं रचणारे फसतात. चौघांनी मिळून दिलेले हिट १९ आणि खाल्लेले १५. बंद मैदानात दिलेला प्रत्येक हिट कोणीतरी खाल्लेलाच असतो, दोन्ही बेरजा सारख्याच यायला हव्यात. फक्त चौघांत हा शब्द लिहिणं अशक्य आहे. त्यामुळे संघ सहा जणांचा ठेवावा. पाचवा आणि सहावा हे ‘कोरे’ खेळाडू, त्यांचं अक्षर नाही. त्यांनी मिळून उरलेले ४ हिट खायचे आणि स्वतः एकही द्यायचा नाही. हे संघाला स्वतःहून सापडू द्या, या कोड्यातला सगळ्यात गोड क्षण तोच आहे.

एक उत्तर असं. पहिला खेळाडू दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, चौथ्याला १ मारतो. दुसरा पहिल्याला १, तिसऱ्याला ३, चौथ्याला १. तिसरा दुसऱ्याला २, चौथ्याला १, पाचव्याला २, सहाव्याला १. चौथा पहिल्याला १ आणि सहाव्याला १. एकूण १९, सगळ्या बेरजा जुळतात. उत्तरं आणखीही निघतात आणि कुठलंही चालतं, कारण तपासायचं असतं ते चौघांचं दिलं-खाल्लं.

दुसरे शब्द हवे असतील तर आधी दोन्ही बेरजा करून बघा. चांदवडला देणं १५ आणि खाणं ११, कोऱ्यांवर ४ येतात. गोदावरीला १७ आणि १२, म्हणजे ५. पंचवटीला देणं १६ पण खाणं जेमतेम ७, कोऱ्यांना ९ हिट खावे लागतात. चालतं, पण दोघे नुसते उभे राहून कंटाळतात. खाणं देण्यापेक्षा जास्त निघालं तर उलटं होतं, मग कोऱ्यांना मारावं लागतं.

यंत्राची सेटिंग

बुकिंग करतानाच लेझर टॅगचं यंत्र सांभाळणाऱ्या चालकाला एक प्रश्न विचारा: स्कोअरकार्डवर प्रत्येकाचे खाल्लेले हिट वेगळे दिसतात का? काही यंत्रणा ‘कोणी कोणाला किती’ असा पूर्ण तक्ता देतात, काही नुसते गुण दाखवतात. गुणांवरून हे कोडं चालत नाही, कारण मारल्याचे अधिक आणि खाल्ल्याचे उणे होऊन आकडे मिसळलेले असतात. खाल्लेले हिट दिसत नसतील तर दोन छोट्या फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत दिलेल्या हिटांनी ओळ लिहायची, दुसरीत दिलेल्या हिटांनीच जागा.

मग हे सगळं बघून घ्या. मोड ‘सगळे विरुद्ध सगळे’ असावा. संघाच्या मोडमध्ये आपल्याच माणसाला मारलेलं बऱ्याच यंत्रणा मोजत नाहीत आणि सहाही जण एका रंगाचे असले तर कार्डावर भोपळा येतो. लाइफ अमर्याद ठेवायला सांगा, नाहीतर पाच हिट खाणारा खेळाडू तिसऱ्यालाच बाद होऊन बसतो. लागोपाठ हिटांवर मिळणारं बोनस, ढाल, झपाट्यानं गोळ्या सुटणं हे बंद. ऑटो-फायर बंद, एका दाबाला एकच गोळी. बेस किंवा भिंतीवरची टार्गेट्स चालू असतील तर तीही बंद, काही ठिकाणी त्यांचे हिट खेळाडूच्याच खात्यात जातात. हिट खाल्ल्यावर व्हेस्ट किती सेकंद मेलेली राहते ते विचारून घ्या, शक्य असेल तर पाच सेकंदांच्या आसपास ठेवा.

फेरी १२ मिनिटांची पुरते. प्रत्येक हिटला हाक, नेम आणि व्हेस्ट जिवंत होण्याची वाट धरून दहा सेकंद लागतात, म्हणजे १९ हिटांना सव्वातीन मिनिटं. चुकून पुन्हा सुरू करायला दोनदा वाव राहतो. पण ‘पुन्हा सुरू’ म्हणजे चालकानं यंत्रावर फेरी नव्यानं लावायची, आकडे शून्यावर आले पाहिजेत. हे त्याला आधी समजावून ठेवा, ऐन वेळी तो ‘चालू द्या हो, होईल बरोबर’ म्हणतो आणि गोंधळ होतो.

मैदानात कसं खेळावं

संघानं पहिली पाच मिनिटं गन हातात न घेता कागदावर घालवावीत. सहा ओळी, सहा रकाने, कोण कोणाला किती. तो कागद बाहेर उभ्या राहणाऱ्या लेखनिकाकडे द्यायचा. म्हणजे माणसं सात लागतात, सहा व्हेस्टमध्ये आणि एक बाहेर. लेखनिक म्हणून संघातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा आणि सगळ्यात थंड डोक्याचा माणूस निवडा. दोन्ही गुण एकात नसतील तर थंड डोकं महत्त्वाचं.

लेखनिकाची हाक ठरलेली असावी: ‘एक, दोनला.’ म्हणजे एक नंबरनं दोन नंबरला मारायचं. बाकी चौघे मारणाऱ्याच्या पाठीमागे, गनची नळी जमिनीकडे. समोर फक्त खाणारा, चार-पाच मीटरवर, त्याच्या मागे काच किंवा पांढरी भिंत नको. गोळी सुटली, व्हेस्ट वाजली, लेखनिकानं खूण केली, व्हेस्टचे दिवे परत लागले की पुढची हाक. व्हेस्ट वाजली नाही तर खूण करायची नाही. या एका नियमानं निम्मे घोळ टळतात.

सगळ्यात मोठी चूक घाईची. व्हेस्ट मेलेली असताना मारलेली गोळी मोजली जात नाही, मारणाऱ्याला मात्र वाटतं झालं. मग कार्डावर ६ ऐवजी ४ दिसतात. उलट प्रकार बोटाचा: ट्रिगरवर बोट ठेवून गप्पा मारणाऱ्याची एक गोळी सुटते आणि कोरा खेळाडू कोरा राहत नाही. वाट बघणाऱ्यांनी बोट ट्रिगरच्या कडीबाहेर ठेवावं. सेन्सर हातानं झाकू नये, अर्धवट झाकलेला सेन्सर कधी घेतो कधी घेत नाही, आणि पकडलं गेलात तर ती लबाडीच धरली जाते.

मधेच आकडे बघायची सोय असेल तर दहाव्या हिटनंतर एकदा बघा. अंधाऱ्या अरीनात (खेळाच्या बंदिस्त जागेत) काळा प्रकाश, म्हणजे अतिनील दिवे असतात, त्यात पांढरे कपडे झगझगतात. इथे लपायचं नसल्यामुळे उलट खाणारा पांढऱ्या शर्टात असलेला बरा. ओढणी, लोंबणारं आयकार्ड, सैल नाड्या व्हेस्टच्या पट्ट्यांत अडकतात, आधीच काढून ठेवा.

जागा, वेळ आणि पोलीस

तयार अरीना मिळालं नाही तर मैदानी संच भाड्यानं आणून लॉन्सवर खेळता येतं. नाशकात लग्नाच्या लॉन्सना तोटा नाही आणि पौषात मुहूर्त नसल्यानं ती रिकामी असतात. हा महिना दुसऱ्या कारणानंही सोयीचा आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेसहाला अंधार. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असल्यानं सेन्सर आंधळे होतात, दुपारी दोनला जी गन जेमतेम पंधरा पावलांवर लागते तीच संध्याकाळी मैदानाच्या टोकापर्यंत जाते. म्हणून चाचणी त्याच जागी, त्याच वेळी घ्या. मे महिन्यात सूर्य सातपर्यंत असतो, तेव्हा वेळापत्रक तासभर पुढे सरकवा. पावसाळ्यात उघड्यावर नकोच.

पौषातल्या थंडीची एक अडचण असते: आठनंतर गवतावर दव पडतं. घसरायला होतं आणि साध्या कागदाच्या चिठ्ठ्यांचा लगदा होतो. चिठ्ठ्या लॅमिनेट करा, आणि संघाला लिहायला पेन नव्हे, पेन्सिल द्या.

पंचवटीत कोडी फिरवा, गन नाही. नारोशंकराची घंटा, काळाराम, सीता गुंफा हे टप्पे पायी होतात, पण तिथे कायम भाविकांची गर्दी असते आणि दुरून बघणाऱ्याला खेळण्यातली गन खेळण्यातली वाटत नाही. देवळालीच्या लष्करी भागात आणि नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसच्या आसपास तर असं काही हातात धरूनही फिरू नये. संच बंद पिशव्यांतून थेट खेळाच्या जागी न्यावा. जवळच्या पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, जागा आणि गनचा फोटो जोडून लेखी कळवावं. स्पीकर असेल तर रात्री दहाला बंद. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वणीला पंचवटीतले टप्पे ठेवण्याचा विचारही करू नये.

पायी टप्प्यांवर आकडे विचारायचे तर नोंदीतले विचारा. काळाराम सत्याग्रहाचं वर्ष १९३०, पांडवलेण्यांत लेणी २४, हे आकडे ठरलेले आहेत. ‘पायऱ्या किती’ असं विचारलंत तर तीन जण मोजून तीन आकडे आणतात आणि तिघेही आपलंच खरं म्हणतात.

रांग लागते, तिची सोय

गणित आधीच करा. व्हेस्ट चढवायला ५ मिनिटं, खेळ १२, कार्ड तपासायला ३, पुढच्यांसाठी आवराआवर ५, म्हणजे संघामागे २५ मिनिटं. आठ संघ एकामागे एक सोडले तर तीन तास वीस मिनिटं जातात आणि शेवटचा संघ चहावर चहा पीत बसतो. बारा संचांमध्ये दोन संघ एकदम खेळू शकतात, पण मधे भक्कम आडोसा हवा. नुसतं मंडपाचं पातळ कापड पुरत नाही, त्यातूनही किरण जाऊ शकतो. चाचणीत एकीकडे गन झाडून पलीकडची व्हेस्ट वाजते का ते बघा. वाट बघणाऱ्यांसाठी एक बैठं कोडं द्या, आणि प्रत्येक संघ आला तेव्हाची वेळ लिहून रांगेतली मिनिटं एकूण वेळेतून वजा करा. हे केलं नाही तर निकाल डोक्यावर नव्हे, रांगेतल्या नंबरावर लागतो.

हिट खाल्ल्यावर उघडणारी पेटी

थोडी सोल्डरिंग येत असेल तर कार्ड तपासल्यावर चिठ्ठी हातात देण्याऐवजी शेवटची चिठ्ठी पेटीत ठेवा आणि ती ठराविक हिटांनी उघडू द्या. लागतं एवढंच: एक अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एक इन्फ्रारेड रिसीव्हर, एक छोटी सर्व्हो मोटर आणि ५ व्होल्टचा पुरवठा. सुटे भाग एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा.

रिसीव्हर घ्यायच्या आधी गनची वारंवारता विचारून घ्या. ३८ किलोहर्ट्झला टीएसओपी १७३८ चालतो. माइल्सटॅगच्या गन ५६ किलोहर्ट्झच्या असतात, त्यांना टीएसओपी ४८५६ लागतो. चुकीचा बसवला तर हातभर अंतरावरून चालतो आणि मैदानात मुका होतो, हा दोष शोधायला अख्खी संध्याकाळ जाते. पायांचा क्रमही वेगळा आहे. घुमट आपल्याकडे धरला तर १७३८ ला डावीकडून ग्राउंड, पुरवठा, आउटपुट. ४८५६ ला आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. एकाच्या जागी दुसरा खोचला की तो गरम होऊन जातो. पुरवठ्याच्या वाटेवर शंभरएक ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठा-ग्राउंडमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर सर्व्हो हलली की रिसीव्हरला भलतेच हिट दिसतात.

रिसीव्हरचं आउटपुट एरवी ‘हाय’ असतं, किरण आला की ‘लो’ होतं. साधी पेटी नुसते झटके मोजते, तिला कोणी मारलं हे कळत नाही. एका गोळीत असे बरेच झटके असतात, म्हणून एका हिटनंतर अर्धा सेकंद काही मोजू नका, एवढा प्रोग्राम पुरे. रिसीव्हरभोवती काळी टेप गुंडाळलेला पाच-सहा सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे समोरूनच मारावं लागतं आणि मंडपाच्या दिव्यांचा त्रासही कमी होतो.

गन चालते की नाही हे बघायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा नळीसमोर धरून ट्रिगर दाबा, स्क्रीनवर जांभळट ठिणगी दिसते. मागच्या कॅमेऱ्याला बरेचदा इन्फ्रारेड गाळणारी काच असते, तिथे काही दिसलं नाही म्हणून गन परत पाठवू नका. ही तपासणी सगळ्या गनची, खेळाच्या तासभर आधी, दोन राखीव गन आणि एक राखीव व्हेस्ट बाजूला काढून.